हिंदुस्थानची बाजू मांडणारा नास्तिक खासदार

३० जानेवारी ही तारीख भारतीयांच्या मनात महात्मा गांधींच्या हौतात्म्यामुळे कोरली गेली आहे. त्याच तारखेला, त्याआधी ५७ वर्षे, म्हणजे १८९१ साली, लंडनमध्ये एका ब्रिटिश खासदाराचे निधन झाले. त्याच्या दफनविधीसाठी लंडनहून वोकिंगच्या दिशेने निघालेल्या गर्दीत बॅरिस्टरीचा अभ्यास करणारा २१ वर्षांचा एक हिंदी विद्यार्थी होता. त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी. लंडनमधील बहुतेक हिंदी मंडळींना या खासदाराचे नाव ठाऊक होते आणि त्यांच्यापैकी अनेक जण त्या दिवशी आवर्जून तेथे गेले होते. मृत व्यक्ती कट्टर नास्तिक होती. अंत्यविधीला कोणतेही धार्मिक संस्कार नव्हते, भाषणेही नव्हती. तरीही देवावर गाढ श्रद्धा असलेला हा तरुण तेथे गेला, कारण जाणे हे आपले कर्तव्य आहे असे त्याला वाटले.

तो खासदार म्हणजे चार्ल्स ब्रॅडलॉ. आज मुंबई-पुण्यातील सुशिक्षितांपैकी फार थोड्यांना हे नाव परिचित असेल. मात्र १८८९ च्या डिसेंबरात हाच माणूस मुंबईला आला, तेव्हा त्याला पाहण्यासाठी आणि ऐकण्यासाठी हजारो लोक लोटले होते. त्या वर्षीचे काँग्रेसचे अधिवेशन त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. लंडनच्या गरीब वस्तीतील एका कारकुनाचा मुलगा हिंदुस्थानच्या राजकारणात इतका महत्त्वाचा कसा ठरला, हे समजून घ्यायचे तर त्याच्या आयुष्याकडे जरा सविस्तर पाहावे लागते.

पाद्रीबाबांना विचारलेले प्रश्न

चार्ल्स ब्रॅडलॉ यांचा जन्म २६ सप्टेंबर १८३३ रोजी पूर्व लंडनमधील हॉक्सटन येथे झाला. वडील एका सॉलिसिटरकडे कारकून होते. उत्पन्न तुटपुंजे आणि कुटुंब मोठे, त्यामुळे चार्ल्सची शाळा अकराव्या वर्षीच सुटली. प्रथम वडिलांच्याच कचेरीत निरोप्या आणि पुढे एका कोळशाच्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस अशा नोकऱ्या त्याने केल्या. मुलगा हुशार होता, धार्मिकही होता. परिसरातील चर्चच्या रविवारच्या शाळेत तो लहान मुलांना शिकवत असे.

बिशपच्या भेटीपूर्वी तेथील धर्मोपदेशक जॉन पॅकर यांनी त्याला बायबलमधील चारही शुभवर्तमाने आणि इंग्लंडच्या चर्चची एकोणचाळीस धर्मसूत्रे नीट अभ्यासायला सांगितले. मुलाने ती खरोखरच नीट अभ्यासली. त्याला त्यांत विसंगती आढळल्या आणि त्याने पॅकर यांना पत्र लिहून त्यांचे निरसन करण्याची विनंती केली. निरसन झाले नाही. उलट पॅकर यांनी मुलगा नास्तिक झाल्याची तक्रार वडिलांकडे केली आणि त्याला शिकवण्याच्या कामावरून दूर केले. पुढे प्रकरण इतके चिघळले, की तीन दिवसांत मते बदल, नाहीतर नोकरी जाईल, असा निर्वाणीचा इशारा त्याला मिळाला. तिसऱ्या दिवशी सोळा वर्षांचा चार्ल्स घर सोडून निघून गेला. वास्तविक त्या वेळी तो नास्तिक नव्हता, केवळ शंकेखोर होता. नास्तिक तो नंतर झाला. त्याचे निम्मे श्रेय पॅकर यांना द्यायला हरकत नसावी.

त्याला आसरा मिळाला तो रिचर्ड कार्लाइल यांच्या कुटुंबात. मुद्रणस्वातंत्र्यासाठी वर्षानुवर्षे तुरुंगवास भोगलेले कार्लाइल तेव्हा हयात नव्हते. त्यांची सहचरी एलिझा शार्पल्स मुलांसह हलाखीत दिवस काढत होती. ब्रॅडलॉ यांनी स्वतःचा कोळशाचा किरकोळ व्यवसाय करून पाहिला, परंतु पाखंडी मुलाकडून कोळसा कोण घेणार? गिऱ्हाइके गळाली आणि कर्ज वाढले. अखेर १८५० च्या शेवटी ते लष्करात भरती झाले. सातव्या ड्रॅगून गार्ड्स या घोडदळाच्या पलटणीबरोबर त्यांची रवानगी आयर्लंडला झाली. जमीनदारांसाठी कुळांना भर पावसाळ्यात घराबाहेर काढले जात असताना बंदोबस्तासाठी उभे राहण्याचे काम या सैनिकांना करावे लागे. परकीय सत्तेचे राज्य शेतकऱ्याच्या उंबरठ्यावर कसे दिसते, हे ब्रॅडलॉ यांनी तेथे पाहिले. पुढे हिंदुस्थानविषयी बोलताना त्यांच्या मनात आयर्लंडच असे, असे मानायला जागा आहे.

१८५३ मध्ये एका नातलग वृद्धेकडून वारसाहक्काने आलेल्या पैशांतून त्यांनी लष्करातून आपली सुटका करून घेतली आणि ते लंडनला परतले. पुन्हा सॉलिसिटरची कचेरी आणि पुन्हा कारकुनी. या वेळी मात्र त्यांनी कायदा असा आत्मसात केला, की वकिलीची सनद नसतानाही पुढे त्यांनी इंग्लंडमधील नामांकित बॅरिस्टरांना न्यायालयात घाम फोडला. दिवसा कचेरी आणि रात्री व रविवारी व्याख्याने, असा त्यांचा क्रम होता. मालकाची अडचण होऊ नये म्हणून व्याख्याने आयकॉनोक्लास्ट, म्हणजे मूर्तिभंजक, या टोपणनावाने चालत.

व्याख्याने, खटले आणि कर्ज

सहा फुटांहून अधिक उंची, भरदार देह आणि ध्वनिक्षेपकाची गरज नसलेला आवाज, अशी ही मूर्ती गावोगावी फिरू लागली. सभागृहे ऐनवेळी नाकारली जात, दगड येत, पोलिस पकडत. १८६१ मध्ये प्लिमथच्या परिसरात त्यांना भाषण करण्यापूर्वीच अटक झाली. सुटल्यावर ते पुन्हा तेथे गेले, आणि किनाऱ्यालगत पाण्यात उभ्या केलेल्या नावेतून त्यांनी काठावर जमलेल्या लोकांसमोर भाषण केले. कारण त्या पाण्यावर किनाऱ्यावरच्या शहराच्या पोलिसांचा अधिकार चालत नव्हता. हात चोळत उभ्या असलेल्या पोलिसांचे चित्र डोळ्यांसमोर आणले, तर ब्रॅडलॉ यांच्या लढण्याच्या पद्धतीचे मर्म कळते. ते कायदा मोडत नसत, कायद्याच्या फटी शोधत.

१८६० पासून ते नॅशनल रिफॉर्मर या साप्ताहिकाशी निगडित होते आणि पुढे तेच त्याचे संपादक झाले. १८६६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने नॅशनल सेक्युलर सोसायटी स्थापन झाली. दोन वर्षांनी सरकारने एक जुना कायदा उकरून काढला. स्वस्त वृत्तपत्रांनी ईश्वरनिंदा वा राजद्रोहाविरुद्ध अनामत रक्कम भरली पाहिजे, असा तो कायदा होता. ब्रॅडलॉ यांनी रक्कम भरण्यास नकार दिला आणि अंकावर तसे ठळकपणे छापले. खटला स्वतःच लढवला. सरकारला तो गुंडाळावा लागला आणि १८६९ मध्ये तो कायदाच रद्द झाला. याच सुमारास न्यायालयातील साक्षीचाही प्रश्न सुटला. तोवर इंग्लंडमध्ये नास्तिकाला शपथेवर साक्ष देता येत नसे. परिणामी कोणी त्याचे पैसे बुडवले, तरी न्यायालयात त्याचा शब्द चालत नसे. खुद्द ब्रॅडलॉ यांचा एक दावा याच कारणाने फसला होता. १८६९ आणि १८७० च्या कायद्यांनी अशा व्यक्तींना शपथेऐवजी प्रतिज्ञेवर साक्ष देण्याची मुभा मिळाली. हा तपशील लक्षात ठेवायला हवा. दहा वर्षांनंतरचे सारे महाभारत त्यावरूनच घडले.

घरची कहाणी मात्र दुःखाची होती. पत्नी सुसॅना व्यसनाच्या आहारी गेल्या. १८७० मध्ये कर्जामुळे घर मोडावे लागले. पत्नी व मुले तिच्या वडिलांकडे गेली आणि ब्रॅडलॉ पूर्व लंडनमध्ये दोन लहान खोल्यांत राहू लागले. त्याच वर्षी त्यांचा एकुलता एक मुलगा गेला. १८७७ मध्ये पत्नीचेही निधन झाले. अॅलिस आणि हायपेशिया या दोन मुली पुढे वडिलांच्या कार्यात सहभागी झाल्या. त्यांपैकी हायपेशिया यांनी लिहिलेले चरित्र हा आजही ब्रॅडलॉ यांच्याविषयीचा महत्त्वाचा आधार मानला जातो.

१८७४ मध्ये त्यांच्या चळवळीत एक तरुण स्त्री दाखल झाली. एका पाद्र्याशी झालेला विवाह मोडून बाहेर पडलेली ही स्त्री म्हणजे अॅनी बेझंट. पुढे होमरूल चळवळीमुळे आणि १९१७ च्या काँग्रेस अध्यक्षपदामुळे भारतीयांना परिचित झालेल्या बेझंटबाईंची सार्वजनिक कारकीर्द ब्रॅडलॉ यांच्या सहवासात घडली. १८७७ मध्ये दोघांनी मिळून संततिनियमनाची माहिती देणारी, चार्ल्स नॉल्टन या अमेरिकन डॉक्टरची जुनी पुस्तिका मुद्दाम पुन्हा प्रकाशित केली. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. सहा महिने तुरुंगवास आणि प्रत्येकी २०० पौंड दंड अशी शिक्षा झाली, परंतु पुढच्या वर्षी अपिलात आरोपपत्रातील तांत्रिक त्रुटीवर ती रद्द झाली. दरम्यान पुस्तिकेच्या प्रती लाखाच्या घरात खपल्या. बेझंट यांना मात्र या प्रकरणाची जबर किंमत द्यावी लागली. त्यांच्या लहान मुलीचा ताबा न्यायालयाने काढून घेतला.

शपथेचा पेच

नॉर्थॅम्प्टन हे चांभारकाम करणाऱ्यांचे, बूट बनवणाऱ्यांचे गाव. तेथील कारागीर वाचणारे, वाद घालणारे आणि जहाल मतांचे म्हणून प्रसिद्ध होते. ब्रॅडलॉ यांनी १८६८ मध्ये तेथून निवडणूक लढवली आणि ते हरले. १८७४ मध्ये दोनदा हरले. १८८० मध्ये मात्र हेन्री लाबूशेर यांच्यासह ते निवडून आले. त्या वेळी ते ४६ वर्षांचे होते. खासदारांना तेव्हा वेतन नसे (ते १९११ मध्ये सुरू झाले), त्यामुळे व्याख्यानांच्या तिकिटांवर आणि लेखनावर जगणाऱ्या माणसासाठी खासदारकी हा तोट्याचाच व्यवहार होता.

३ मे १८८० रोजी त्यांनी हाऊस ऑफ कॉमन्सच्या सभापतींकडे विनंती केली, की ईश्वराची शपथ घेण्याऐवजी मला गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू द्यावी. क्वेकर पंथीयांना ही सवलत आधीपासून होती. कायद्याने ज्यांना प्रतिज्ञेची मुभा आहे अशा अन्य व्यक्तींनाही ती लागू होती. साक्षीच्या कायद्यांनुसार आपल्याला ती मुभा आहे, असा ब्रॅडलॉ यांचा युक्तिवाद होता. सभापती हेन्री ब्रँड यांनी स्वतः निर्णय देण्याचे टाळून प्रश्न सभागृहाकडे सोपवला. समिती नेमली गेली आणि तिने एका मताच्या फरकाने विरोधी कौल दिला.

येथे ब्रॅडलॉ यांनी एक असे पाऊल टाकले, ज्याबद्दल त्यांच्या मित्रांमध्येही मतभेद होते. प्रतिज्ञा नको असेल तर मी शपथ घेतो, असे त्यांनी जाहीर केले. त्याच वेळी त्या शपथेतील धार्मिक शब्दांना माझ्या लेखी अर्थ नाही, हेही वृत्तपत्रातून कळवून टाकले. प्रामाणिकपणा म्हणून हे मोठेच, पण राजकारण म्हणून घातक. विरोधकांना आयतेच हत्यार मिळाले. शपथेचा अर्थ न मानणाऱ्याला शपथ घेऊ देणे हा देवाचा अपमान आहे, असा आक्षेप हुजूर पक्षाच्या सर हेन्री ड्रमंड वुल्फ यांनी घेतला आणि लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल यांनी तो उचलून धरला. हे विन्स्टन चर्चिल यांचे वडील. या धर्मरक्षणामागे ग्लॅडस्टन यांच्या नव्या लिबरल सरकारला अडचणीत आणण्याचा हेतू किती आणि श्रद्धा किती, याबद्दल इतिहासकारांना फारसा संशय नाही. ब्रॅडलॉ हे सरदार घराण्यांच्या वंशपरंपरागत पेन्शनींवर तुटून पडत आणि त्या पेन्शनी घेणाऱ्यांत चर्चिल यांचे मार्लबरो घराणे होते, हेही विसरता येत नाही.

२२ जून १८८० रोजी सभागृहाने २७५ विरुद्ध २३० मतांनी ठरवले, की ब्रॅडलॉ यांना शपथही घेता येणार नाही आणि प्रतिज्ञाही करता येणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सभागृहाच्या कठड्याशी उभे राहून आपली बाजू मांडली आणि बाहेर जाण्यास नकार दिला. तेव्हा त्यांना अटक करून पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यातील खोलीत ठेवण्यात आले. जगभरचे पर्यटक बिग बेन म्हणून ज्याची छायाचित्रे घेतात, तोच हा मनोरा. तेथे कैद झालेला शेवटचा खासदार म्हणून ब्रॅडलॉ यांचेच नाव घेतले जाते. दुसऱ्याच दिवशी त्यांना सोडून देण्यात आले, कारण त्यांना ठेवून घेण्याने त्यांची प्रसिद्धीच वाढत होती.

मग जे सुरू झाले, ते सुमारे साडेपाच वर्षे चालले. जुलै १८८० मध्ये सभागृहाने, कायदेशीर परिणाम भोगण्याच्या अटीवर, त्यांना प्रतिज्ञा करू दिली. त्यांनी आसन घेतले आणि मतदान केले. लगेच क्लार्क नावाच्या एका इसमाने दावा ठोकला. बेकायदा दिलेल्या प्रत्येक मतासाठी ५०० पौंड दंडाची तरतूद होती. मार्च १८८१ मध्ये न्यायालयाने ब्रॅडलॉ यांच्याविरुद्ध निकाल दिला आणि त्यांची जागा रिक्त झाली. एप्रिलमध्ये पोटनिवडणूक झाली. नॉर्थॅम्प्टनने पुन्हा त्यांनाच निवडून दिले. सभागृहाने पुन्हा दार बंद केले.

३ ऑगस्ट १८८१ हा दिवस या संघर्षातील सर्वांत धोक्याचा होता. ब्रॅडलॉ यांचे हजारो समर्थक देशभरातून अर्ज घेऊन वेस्टमिन्स्टरला जमले होते. ब्रॅडलॉ आत जाऊ लागताच पोलिस आणि सभागृहाच्या शिपायांनी त्यांना धरले आणि जिन्यावरून फरफटत बाहेरच्या चौकात आणून सोडले. कोट फाटला, हातांना दुखापत झाली, चेहरा पांढराफटक पडला होता. जवळच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये अॅनी बेझंट खवळलेल्या जमावाला थोपवून धरत होत्या. ब्रॅडलॉ यांनी पोलिस निरीक्षकाला सांगितले, की पुरेसे बळ घेऊन मी परत येऊ शकतो. केव्हा, असे त्याने विचारताच, हात वर केला तर एका मिनिटात, असे उत्तर त्यांनी दिले. पण तो हात त्यांनी वर केला नाही. एका इशाऱ्याने लंडनमध्ये रक्तपात होऊ शकला असता. जमावाला हात न उचलण्याची शिकवण देऊन लढणे काय असते, हे पुढच्या शतकात भारताने जगाला दाखवले. ब्रॅडलॉ यांचा तो दिवस त्या मालिकेत बसवणे कदाचित अतिशयोक्तीचे होईल, तथापि त्याची आठवण येते खरी.

१८८२ च्या फेब्रुवारीत त्यांनी आणखी एक धक्का दिला. सभागृहात चर्चा संपताच ते सरळ मधल्या टेबलापाशी गेले, खिशातून बायबलचा नवा करार आणि एक कागद काढला, स्वतःच स्वतःला शपथ दिली, सही केली आणि आसनावर जाऊन बसले. सदस्य अवाक् झाले. दुसऱ्या दिवशी त्यांची हकालपट्टी झाली. मार्चमध्ये नॉर्थॅम्प्टनने त्यांना तिसऱ्यांदा पाठवले. १८८४ मध्ये हाच प्रयोग पुन्हा झाला, पुन्हा जागा गेली आणि पुन्हा तेच निवडून आले. त्या गावच्या बूट शिवणाऱ्या मतदारांची ही चिकाटी ब्रॅडलॉ यांच्या चिकाटीहून कमी मानता येणार नाही. आपण निवडलेला माणूस योग्य की अयोग्य हे आम्ही ठरवणार, सभागृह नव्हे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

ग्लॅडस्टन स्वतः अत्यंत श्रद्धाळू ख्रिस्ती होते. ब्रॅडलॉ यांची मते त्यांना मुळीच पटत नव्हती. तरीही १८८३ मध्ये त्यांच्या सरकारने प्रतिज्ञेला मान्यता देणारे विधेयक आणले आणि त्यावर ग्लॅडस्टन यांनी केलेले भाषण त्यांच्या सर्वश्रेष्ठ भाषणांपैकी एक गणले जाते. विधेयक २८९ विरुद्ध २९२, म्हणजे अवघ्या तीन मतांनी पडले. विरोध करणाऱ्यांत आयर्लंडचे अनेक खासदार होते. ज्या आयर्लंडसाठी ब्रॅडलॉ आयुष्यभर बोलले, त्याच आयर्लंडच्या प्रतिनिधींनी कॅथलिक धर्मगुरूंच्या प्रभावामुळे त्यांच्या विरोधात मते टाकली.

न्यायालयात मात्र फासे फिरले. १८८३ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला, की असा दंडाचा दावा फक्त राजसत्तेलाच करता येतो, कोणा खासगी इसमाला नाही. क्लार्कच्या दाव्यामागे पैसा होता चार्ल्स न्यूडिगेट या हुजूर पक्षीय खासदाराचा. दुसऱ्याचा दावा पैसे पुरवून चालवणे हा इंग्लंडच्या जुन्या कायद्यानुसार गुन्हा होता. ब्रॅडलॉ यांनी तो मध्ययुगीन कायदा शोधून काढून न्यूडिगेट यांनाच न्यायालयात खेचले आणि खटला जिंकला.

अखेर निकाल लागला तो अगदी साध्या पद्धतीने. १८८५ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर जानेवारी १८८६ मध्ये नवे सभागृह भरले. सभापती आर्थर पील यांनी ठरवले, की निवडून आलेला सदस्य शपथ घेत असताना मध्ये हस्तक्षेप करण्याचा अधिकार कोणालाही नाही, सभापतींनाही नाही. १३ जानेवारी रोजी ब्रॅडलॉ यांनी शपथ घेतली. जे काम १८८० मध्ये पाच मिनिटांत होऊ शकले असते, त्यासाठी पाच वर्षे आणि एका माणसाचे आरोग्य खर्ची पडले. दोन वर्षांनी, १८८८ मध्ये, त्यांनी स्वतः मांडलेले शपथविषयक विधेयक मंजूर झाले आणि पार्लमेंट असो वा न्यायालय, कोणालाही शपथेऐवजी प्रतिज्ञेचा पर्याय खुला झाला. आपल्या संसदेत आणि विधानसभेत काही सदस्य ईश्वरसाक्ष शपथ घेतात, तर काही गांभीर्यपूर्वक दृढकथन करतात. हा पर्याय राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. ब्रिटिश संसदीय परंपरेत तो सर्वांसाठी खुला करून घेणारा माणूस ब्रॅडलॉ होता.

हिंदुस्थानचे वकील

सभागृहात बसण्याची त्यांना जेमतेम पाच वर्षे मिळाली. त्यांतला मोठा भाग त्यांनी, ज्यांना मतदानाचा अधिकारच नाही अशा, हजारो मैल दूरच्या लोकांसाठी खर्च केला. हिंदुस्थानविषयीची चर्चा त्या काळी पार्लमेंटमध्ये अधिवेशनाच्या अखेरीस, रिकाम्या बाकांसमोर उरकली जाई. हेन्री फॉसेट यांचे १८८४ मध्ये आणि जॉन ब्राइट यांचे १८८९ मध्ये निधन झाल्यावर या विषयाचा नेटाने पाठपुरावा करणारे थोडेच उरले. ब्रॅडलॉ यांनी ती जागा भरून काढली. हिंदुस्थानातून त्यांच्याकडे गाऱ्हाणी घेऊन पत्रांचा ओघ सुरू झाला. ते प्रकरणे अभ्यासत, आकडे तपासत आणि प्रश्न विचारत. काश्मीरच्या महाराजा प्रतापसिंहांचे अधिकार सरकारने काढून घेतले, तेव्हा जुलै १८९० मध्ये त्यांनी तो विषय कॉमन्समध्ये उपस्थित केला. लोक त्यांना हिंदुस्थानचे खासदार म्हणू लागले.

१८८९ च्या शरद ऋतूत ते मरणाच्या दारातून परत आले. आदल्या वर्षी मोठी मुलगी अॅलिस गेली होती. हवापालटासाठी समुद्रप्रवास करावा असे ठरले आणि त्यांनी मुंबईची वाट धरली. काँग्रेसचे पाचवे अधिवेशन तेथे भरणार होते. अध्यक्ष होते सर विल्यम वेडरबर्न, स्वागताध्यक्ष फिरोजशहा मेहता. आलेल्या प्रतिनिधींची संख्या, योगायोगाने, १८८९ भरली. पंडिता रमाबाईंसह काही स्त्रिया प्रतिनिधी म्हणून प्रथमच उपस्थित होत्या. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली मानपत्रे इतकी होती, की ती वाचून दाखवणे अशक्य झाले. प्रकृती साथ देत नसताना ब्रॅडलॉ यांनी अधिवेशनासमोर भाषण केले. अवास्तव आश्वासने त्यांनी दिली नाहीत. सुधारणा हळूहळू मिळतील, एकजुटीने मागत राहा, असाच त्यांचा सूर होता.

त्या अधिवेशनाचे मुख्य काम म्हणजे कायदेमंडळांच्या सुधारणेचा आराखडा तयार करणे, जेणेकरून ब्रॅडलॉ तो विधेयकाच्या रूपात पार्लमेंटपुढे ठेवू शकतील. त्या आराखड्यावर महाराष्ट्रातील दोन तरुणांनी मिळून एक दुरुस्ती सुचवली. मध्यवर्ती कायदेमंडळाचे सदस्य प्रांतिक कायदेमंडळांनी निवडावेत, अशी ती दुरुस्ती होती. सूचक होते बाळ गंगाधर टिळक आणि अनुमोदक गोपाळ कृष्ण गोखले. ती मंजूर झाली नाही. पण ज्यांची नावे पुढे परस्परविरोधी प्रवाहांची म्हणूनच घेतली गेली, ते दोघे ब्रॅडलॉ यांच्या विधेयकासाठी एका व्यासपीठावर एकमताने बोलले, ही गोष्ट आपल्या इतिहासात अधिक ठळकपणे यायला हवी होती.

१८९० मध्ये ब्रॅडलॉ यांनी विधेयक मांडले. ते मंजूर होणार नव्हते हे उघड होते. परंतु सरकारलाही मग स्वतःचे विधेयक आणणे भाग पडले आणि अनेक विलंबांनंतर १८९२ चा इंडियन कौन्सिल्स अॅक्ट अस्तित्वात आला. काँग्रेसच्या मागणीच्या मानाने तो फारच तोकडा होता. निवडणूक हा शब्दही त्यात जपून टाळला होता. तरी अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याने दिला. याच दारातून १८९५ मध्ये टिळक आणि १८९९ मध्ये गोखले मुंबईच्या कायदेमंडळात गेले. तो कायदा पाहायला ब्रॅडलॉ हयात नव्हते.

त्यांना देवता बनवण्याचे कारण नाही. समाजवादाला त्यांचा कडवा विरोध होता. १८८४ मध्ये हेन्री हाइंडमन यांच्याशी त्यांची त्या विषयावर जाहीर वादसभा झाली. कामाचे तास कायद्याने आठ करण्याची कामगारांची मागणीही त्यांना मान्य नव्हती. प्रत्येक माणसाने स्वतःच्या बळावर उभे राहावे, हा त्यांचा आग्रह कारखान्यात राबणाऱ्या नव्या पिढीला जुनाट वाटू लागला आणि ती त्यांच्यापासून दूर गेली. बेझंटही प्रथम समाजवादाकडे आणि १८८९ मध्ये थिऑसॉफीकडे वळल्या. हा दुसरा आघात त्यांना अधिक जिव्हारी लागला असावा. हिंदुस्थानच्या बाबतीतही त्यांना हवे होते ते न्याय्य राज्य, स्वराज्य नव्हे.

अखेरचा ठराव

जानेवारी १८९१ मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने ते अंथरुणाला खिळले. १८८० चा तो ठराव सभागृहाच्या दप्तरातून काढून टाकावा, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. २७ जानेवारी रोजी डॉ. विल्यम हंटर या खासदाराने तसा प्रस्ताव मांडला आणि तो मतविभागणीविना मंजूर झाला. ज्या सभागृहाने त्यांना जिन्यावरून फेकले, त्यानेच आपली नोंद खोडली. बातमी घरी पोहोचली तेव्हा ब्रॅडलॉ शुद्धीवर नव्हते. ३० जानेवारीला, वयाच्या ५८ व्या वर्षात, त्यांचे निधन झाले. नास्तिक माणूस मरताना देवाला शरण गेला अशा कहाण्या हटकून पसरवल्या जातात, हे ठाऊक असल्याने हायपेशिया यांनी शुश्रूषा करणाऱ्यांकडून, त्यांनी अखेरच्या दिवसांत धर्माविषयी अवाक्षर काढले नाही, असे लेखी घेऊन ठेवले. मागे राहिले ते कर्ज. ते फेडण्यासाठी त्यांचा ग्रंथसंग्रह विकावा लागला.

३ फेब्रुवारीला ब्रुकवूडच्या दफनभूमीत सुमारे तीन हजार लोक जमले. आपले दफन शक्य तितक्या कमी खर्चात व्हावे आणि कोणीही भाषण करू नये, अशी सूचना त्यांनी लिहून ठेवली होती. ती पाळली गेली. परतीच्या गाडीची वाट पाहत असताना गर्दीतील एक नास्तिक एका पाद्रीबाबांशी हुज्जत घालत होता. तो संवाद ऐकून नास्तिकतेविषयीची आपली नावड आणखी वाढली, असे गांधीजींनी पुढे आत्मकथेत नमूद केले आहे. ब्रॅडलॉ यांच्याविषयीचा आदर मात्र त्यामुळे उणावला नाही.

नॉर्थॅम्प्टनच्या अॅबिंग्टन चौकात १८९४ पासून त्यांचा पुतळा उभा आहे. पार्लमेंटच्या इमारतीत त्यांचा अर्धपुतळा बसायला २०१६ साल उजाडले. हिंदुस्थानात त्यांचे स्मारक लाहोरला झाले. १९०० मध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या हस्ते ज्याची कोनशिला बसवली गेली, तो ब्रॅडलॉ हॉल पुढे पंजाबातील राष्ट्रीय चळवळीचे केंद्र बनला. लाला लजपतराय यांचे नॅशनल कॉलेज तेथे भरत असे, आणि त्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांत होता भगतसिंग, ज्याने पुढे फाशीच्या काही महिने आधी तुरुंगात बसून, आपण नास्तिक का आहोत, हे सांगणारा निबंध लिहिला.